कासवाची टाकी : खाली भक्कम स्टँड, वर जाळीचं झाकण



शिलाई, शेळीपालन, परसबाग, बँकेचं कर्ज हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र आपण बोलणार आहोत कासवाच्या टाकीबद्दल. "आपल्याकडे कुणाच्या घरी कासव असतंय?" असं तुमच्यातली एखादी म्हणेल. आम्हीही तसंच म्हणालो होतो. पण बचत गटाच्या बैठकीत सहज विचारलं, तर एकट्या आमच्या गावात तीन घरांत कासव निघालं. एकीच्या मुलानं शहरातून येताना डब्यात घालून आणलेलं, दुसरीला वास्तुशांतीला भेट आलेलं, तिसरीच्या नवऱ्यानं जत्रेत घेतलेलं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याला हात लावूनच आपण पुढे जातो. त्यामुळे घरात कासव आलं की लक्ष्मी आली, असं वाटणं साहजिक आहे. पण देवळातलं कासव दगडाचं आहे. घरातलं जिवंत आहे, आणि त्याचं पाणी फार जड आहे.

हे कसं कळलं, ते सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंनी तीन फुटी काचेची टाकी दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर आडवी फळी टाकून ठेवली होती. चार महिने काही झालं नाही. मग एका रात्री दोनच्या सुमाराला फळी मधोमध वाकली आणि टाकीचा तळ तडकला. सात-आठ हंडे पाणी क्षणात घरभर झालं. त्याच खोलीत सासूबाई आणि पाच वर्षांचा नातू जमिनीवर अंथरूण घालून झोपले होते. अंथरुणाशेजारी एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्याला टाकीचा पंप लावलेला. पाणी थेट त्या बोर्डावर गेलं. त्या रात्री लोडशेडिंग होतं, म्हणून सगळे वाचले. वीज असती तर काय झालं असतं, हे सांगताना ताईंचा आवाज आजही बदलतो.

सकाळी कासव धान्याच्या कणगीमागे सापडलं, धडधाकट. ताई म्हणाल्या, "नको ती पीडा. विहिरीत सोडून देते." आम्ही त्यांना थांबवलं. का थांबवलं, ते शेवटी सांगू. आधी टाकीचं बघू, कारण ज्यांच्या घरी अशी टाकी आजही स्टुलावर आहे, त्यांना ते आज रात्रीच्या आधी कळायला हवं.

आधी वजनाचा हिशेब करू. तो आपल्याला गोण्यांमध्ये करता येतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असेल, तर काठोकाठ भरल्यावर तिच्यात १८० लिटर पाणी मावतं. कासवासाठी आपण एक फूटच पाणी भरतो, म्हणजे १२० लिटर. हे झालं १२० किलो. आठ एमएम जाडीची काच असेल तर रिकामी टाकी ३० किलोच्या आसपास. आत दगड-विटा १५ ते २० किलो, वरचं झाकण चार-पाच किलो. एकूण पावणेदोन क्विंटल. म्हणजे ५० किलोच्या साडेतीन गोण्या, त्याही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर साडेतीन गोण्या ठेवून त्याखाली आपण लेकरू झोपवलं असतं का?

दुसरी गोष्ट काचेची. लाकूड वाकतं, लोखंड थोडं लवतं, काच मात्र लवत नाही, तडकते. म्हणून स्टँड नुसता मजबूत असून भागत नाही, तो वरून सपाट लागतो. एक कोपरा दोन सुती खाली असला, तरी सगळा ताण तळाच्या काचेवर येतो. ताईंची फळी मोडलीच नव्हती. ती फक्त मधोमध वाकली, आणि तेवढं काचेला पुरलं.

आता स्टँड. वही-पेन जवळ असेल तर घ्या. आम्ही लोखंडी अँगलचा केला. अँगल ३५ बाय ३५, पाच एमएम जाडीचा. वरची चौकट टाकीपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठी ठेवायची. खाली तशीच दुसरी चौकट. चार पाय सव्वादोन फुटांचे. उंची याहून जास्त घेऊ नका, जितकं उंच तितकं डगमगतं. वरच्या चौकटीला मधोमध एक आडवा अँगल द्यायचा, म्हणजे वरची फळी लवत नाही. सगळं मिळून २९ फुटांच्या आसपास अँगल लागतो. वजन होतं साधारण २२ ते २३ किलो. आपल्या बाजारातला किलोचा भाव लावून दुकानात जाण्याआधीच खर्च काढता येतो. अँगल २० फुटी लांबीत मिळतो, म्हणजे दोन नग. उरलेल्या तुकड्यांतून मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी मारून घ्या. हात लावून स्टँड आडवा हलवून पाहिला की या पट्टीचं महत्त्व कळतं. तिच्याशिवाय चारी पाय एका बाजूला कलू शकतात.

कापणं आणि वेल्डिंग आम्ही दुकानातून करून घेतलं. पण तिथे उभं राहून दोन गोष्टी करून घेतल्या. एक, वरच्या चौकटीच्या दोन्ही कर्णांची टेपने मापं. दोन्ही सारखी आली तर चौकट गुण्यात आहे. दुसरी, वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसवली. पायांच्या बाजूला चिकटवली नाही. म्हणजे भार सरळ पायांतून जमिनीत जातो, वेल्डिंगच्या टाक्यावर लटकत नाही. मग गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंटचे दोन हात आम्ही अंगणात दिले.

लोखंड परवडत नसेल तर दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ओटा कसा बांधतात? खाली भिंती आणि वर कडप्पा. तसंच करायचं. सिमेंटच्या ब्लॉकच्या तीन छोट्या भिंती, दोन टोकांना दोन आणि मधे एक. त्यावर कडप्पा. मधली भिंत टाळू नका, कारण तीन फूट अधांतरी कडप्पा एवढ्या वजनाला भरवशाचा नाही. ब्लॉक नुसते एकावर एक रचू नका, सिमेंटमध्ये बसवा आणि आठवडाभर पाणी मारा. हा ओटा हलवता येत नाही, तेव्हा जागा आधी नीट ठरवा.

जागा कुठली? भिंतीलगतची. चुलीपासून लांब, खिडकीतून थेट ऊन येणार नाही अशी. काचेच्या बंद टाकीवर दुपारचं ऊन पडलं तर पाणी इतकं तापतं की आतला जीव शिजून मरतो. खाली शहाबादी फरशी उंचसखल असेल तर पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून स्टँड पाणसळीत आणा. जमीन शेणानं सारवलेली असेल तर प्रत्येक पायाखाली फरशीचा एकेक तुकडा ठेवा, नाहीतर पाय रुततात. पाणसळ घरी नसते, गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणा. लांबीला एकदा, रुंदीला एकदा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकदा लावून बघा.

चौकटीत १९ एमएमचा वॉटरप्रूफ प्लायवूड बसवायचा आणि त्यावर अर्ध्या इंचाचा थर्माकोल. थर्माकोल शोभेसाठी नाही. खाली वाळूचा एखादा खडा राहिला, तर तो खडा थर्माकोलमध्ये रुततो, काचेत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकी ठेवण्याआधी स्टँडची परीक्षा घ्या. आम्ही त्यावर ज्वारीच्या पाच गोण्या एक दिवस एक रात्र ठेवल्या. पाच गोण्या म्हणजे २५० किलो. टाकी चुकून काठोकाठ भरली, तरी वजन याच्या आतच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणसळ लावली. जागचं हललं नव्हतं. मगच टाकी आणली. ताईंच्या टाकीचा तळ काचवाल्याकडून बदलून घेतला होता. ती टाकीही आधी अंगणात भरून दोन दिवस तशीच ठेवली. गळायची असेल तर अंगणात गळू दे. आणि पाणी भरलेली टाकी कधीही उचलू नका, सरकवूसुद्धा नका.

स्टँड झाला. आता वरचं झाकण. पुष्कळ घरांत टाकीवर काच, नाहीतर पुठ्ठा ठेवतात. मासे असतील तर ते चालून जातं. कासवाला चालत नाही, आणि त्याचं कारण ऊन.

आपण बाळंतिणीच्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरतो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून. कासवाचं तर कवचसुद्धा हाडाचंच. पाण्यातलं हे कासव दिवसातून बराच वेळ पाण्याबाहेर कोरड्यावर येऊन ऊन खातं. उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. हे किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. हे किरण साध्या काचेतून पार होत नाहीत. म्हणजे खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उजेड देतं, पण हे काम करत नाही. म्हणून झाकण जाळीचं हवं आणि दिवा जाळीच्या वर हवा.

आम्ही झाकण असं केलं. दोन इंच बाय एक इंचाच्या लाकडी पट्ट्यांची, टाकीच्या मापाची चौकट. तिला चारी बाजूंनी सहा इंच उंचीच्या प्लायच्या भिंती. वरच्या तोंडाला अर्धा इंची वेल्ड मेश जाळी, जस्ताचा मुलामा असलेली. डासांची नायलॉन जाळी वापरू नका. ती दिव्यानं वितळते, आणि तिची वीण बारीक असल्यानं किरणही अडतात. जाळीची कापलेली टोकं आत वळवा आणि वरून लाकडी पट्टी ठोका, नाहीतर हात फाटतो. चौकटीच्या आतल्या अंगाला खाली एक इंच उतरणारी पट्टी लावा, म्हणजे झाकण टाकीच्या तोंडात बसतं आणि सरकत नाही. झाकणाचा अर्धा भाग बिजागरीवर उघडेल असा करा आणि त्याला कडी लावा. खाणं घालायला रोज सगळं झाकण उतरवायला लागलं, तर चार दिवसांत आपण ते उतरवून कोपऱ्यात ठेवून देऊ. आपलं आपल्याला माहीत असतं.

पॉलिश किंवा रंग बाहेरच्या बाजूला द्या. आतून देऊ नका, वाफेनं तो पाण्यात उतरतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत झाकण टाकीवर चढवू नका.

झाकण सहा इंचच का? एक फूट पाणी, त्याच्या इंचभर वर कासवाला बसायची कोरडी जागा. तिथून वरच्या जाळीपर्यंत साधारण ११ इंच अंतर राहतं. दिवा आणि कासवाची पाठ यांच्यात साधारण आठ ते बारा इंच अंतर लागतं. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं असेल तेच पाळा. हा दिवा साधा बल्ब नाही. यूव्हीबी दिवा म्हणून तो शहरात पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. सहा महिने ते वर्षभरात त्याचे किरण कमी होतात. उजेड मात्र तसाच दिसतो. म्हणून लावल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवा. दिवसा दहा-बारा तास चालू, रात्री बंद. होल्डर चिनीमातीचा घ्या, प्लास्टिकचा नको. दिवा लाकडापासून हातभर नाही तरी चार-पाच इंच लांब असावा, आणि साखळीनं टांगलेला असावा. नुसता जाळीवर ठेवलेला नको. थंडीत ऊब देणारा वेगळा दिवा लागू शकतो. आपल्या उन्हाळ्यात तो लावू नका.

यूव्हीबी दिवा मिळाला नाही तर? मग सकाळच्या उन्हात पसरट टपात थोडं पाणी आणि एक दगड ठेवून कासवाला अर्धा तास बाहेर काढा. टप अर्धा सावलीत हवा, म्हणजे तापलं की त्याला बाजूला जाता येतं. वर जाळी ठेवा आणि कुणीतरी जवळ बसा. कावळा, घार, कुत्रं वाट बघतच असतात.

बसायची जागा म्हणजे दोन्हीकडे विटा रचून त्यावर खडबडीत फरशीचा तुकडा आणि चढायला उतार. गुळगुळीत कडप्प्यावर कासवाचे पाय घसरतात. खालच्या पोकळीत कासव अडकणार नाही, एवढी ती मोठी ठेवा, नाहीतर पूर्ण बंद करा. कासव पाण्यात राहतं, पण श्वास आपल्यासारखा हवेतला घेतं. पाण्याखाली अडकलं तर बुडून मरतं.

आता विजेचं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही. भिंतीवर, टाकीच्या पाण्यापेक्षा उंच आणि बाजूला लावायचा. टाकीच्या वर नाही आणि खालीही नाही. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळीसारखी सोडायची. वायरीवरून पाणी ओघळलं तर ते झोळीच्या तळाशी ठिबकतं, बोर्डात शिरत नाही. घराला अर्थिंग आहे का आणि ईएलसीबी बसवलेला आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या. आणि टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. प्रत्येक वेळी.

हात घातल्यावरचंही सांगतो. कासव दिसायला स्वच्छ असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. त्यानं जुलाब आणि ताप येतो, आणि लहान लेकरांना तो फार जड जातो. अमेरिकेत लहान मुलांना याची लागण होऊ लागली, म्हणून १९७५ साली तिथे चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. तेव्हा टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका, टाकीची भांडी वेगळी ठेवा, हात साबणानं धुवा आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नका. झाकणाच्या कडीचा हाही एक उपयोग आहे.

आता राहिलं विहिरीचं. ताईंना आम्ही का थांबवलं?

गावातली तिन्ही कासवं एकाच जातीची होती. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. याचं मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. विकताना ते रुपयाएवढं दिसतं, पण मादी वाढून फूटभर लांब होऊ शकते आणि ते वीस-तीस वर्षं जगतं. मोठं झालं की टाकी पुरत नाही, आणि लोक ते तळ्यात सोडतात. तिथे ते मासे, बेडूक, पाणवनस्पती सगळं खातं आणि आपल्या देशी कासवांची ऊन खायची जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्या विहिरीत पिढ्यान् पिढ्या राहणारं कासव वेगळं. तिथे हे सोडणं म्हणजे पुण्य नाही, देशी कासवावर अन्याय आहे.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. आपल्या विहिरीतलं, ओढ्यातलं देशी कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात आणून ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कुणाच्या घरी असं कासव असेल, किंवा लाल पट्ट्याचं कासव आता सांभाळणं जमत नसेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा. स्वतः कुठे सोडू नका.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्या घरी कासव नाही, त्यांनी आणू नका, भेट देऊ नका. ज्यांच्या घरी आलंच आहे, त्यांनी त्याला नीट घर द्या. हा वीस-तीस वर्षांचा संसार आहे. ते वाढेल तशी टाकी चार-पाच फुटी लागेल. तेव्हा वजनाचा हिशेब नव्यानं करा, जुन्या स्टँडवर मोठी टाकी चढवू नका.

ताईंच्या घरातला स्टँड होऊन आता वर्ष झालं. दर महिन्याला गटाची बैठक त्यांच्याकडे असली की कुणीतरी पाणसळ लावून बघतंच. सासूबाई अजूनही त्याच खोलीत झोपतात, पण अंथरूण आता समोरच्या भिंतीला असतं, आणि बोर्ड वर भिंतीवर. नातवाला झाकणाची कडी काढायची परवानगी नाही. वर लिहिलेली दिव्याची तारीख वाचायची मात्र आहे, आणि ती तो येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवतो.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्याकडे किंवा शेजारी टाकी असेल तर ती कशावर ठेवली आहे ते वाकून बघा, आणि तिच्याखाली कोण झोपतं ते विचारा. बाकीचं सामान बाजाराच्या दिवशी आणता येईल. अंथरूण आणि बोर्ड मात्र आजच हलवा.